मशीनच करतंय, मग तुम्ही काय करता?

सीएनसी मशीनखाली चिप साठते, तसे आमच्या शेडमध्ये किस्से साठतात. चिप म्हणजे लोखंड सोलून निघालेल्या त्या कुरळ्या पट्ट्या. शिफ्ट संपताना सगळं झाडून काढायचं, ट्रे लख्ख करायचा, अन् दुसऱ्या दिवशी बघावं तर पुन्हा ढीग. मुद्दाम कुणी साठवत नाही. काम चालू आहे म्हणल्यावर साठणारच. चिप निदान भंगारवाला घेऊन जातो. किस्से कोण नेणार? म्हणून मीच सांगत फिरतो.

मी नांदेडचा, नोकरी लातूरच्या एमआयडीसीत. वर्कशॉप म्हणजे एक शेड, दोन मशीन अन् चार माणसं. मालक आप्पा, मूळचे उदगीरचे. आधी कापडाचं दुकान होतं. कपाळावर विभूतीचे पट्टे ओढल्याशिवाय ते शटर उघडत नाहीत. सलीमभाई सेटर, म्हणजे नवीन काम आलं की मशीनला ते शिकवायचं ह्यांनी. नागनाथ अन् मी ऑपरेटर. डाळमिलचे बुश, साखर कारखान्याच्या पंपाचे शाफ्ट, जे काही गोल असतं ते आमच्याकडं येतं.

शेडमध्ये जो येतो तो एकच प्रश्न विचारतो. मीटर बघायला येणारा असो की चहावाला. आम्ही जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडाचा तुकडा, लावतो, दार सरकवतो, बटन दाबतो, आत मशीन कॉम्प्युटरच्या हुकमानं आपलं आपण कामाला लागतं. पाहुणा जरा वेळ काचेतून बघतो, मान हलवतो अन् म्हणतो, "मशीनच समदं करतंय. मग तुम्ही काय करता?"

मी 'चहा पितो' म्हणून सांगतो अन् मोकळा होतो. नागनाथला ते जमत नाही. तो विचारात पडतो. अन् त्याच्या लग्नाचं गाडं नेमकं ह्याच प्रश्नापाशी अडकलेलं होतं.

* * *

हा प्रश्न पहिल्यांदा विचारला तो खुद्द आप्पांनी.

पहिलं मशीन आलं तेव्हा आप्पांनी त्याच्यासमोर खुर्ची टाकली अन् दुकानात गादीवर बसावं तसे दिवसभर बसून राहिले. नागनाथ बटन दाबायचा, हात मागं बांधून उभा राहायचा. जॉब झाला की काढायचा, दुसरा लावायचा, पुन्हा बटन. संध्याकाळपर्यंत आप्पांचा जीव कासावीस झाला. दुकानात असा हात बांधून उभा राहणारा नोकर त्यांनी जन्मात ठेवला नसता.

दुसऱ्या दिवशी म्हणले, सरक बाजूला, आज मी चालवतो.

नागनाथनं दोनदा सांगून बघितलं. आप्पांनी ऐकलं नाही. धोतराचा सोगा खोचला, जॉब आत धरला, पायानं पेडल दाबला. चकनं, म्हणजे जॉब धरून फिरवणाऱ्या पकडीनं, जॉब पकडला. पकडला, पण वाकडा. आप्पांनी दार लावलं अन् देवाचं नाव घेऊन बटन दाबलं.

चक फिरायला लागला अन् जॉब सुटून आतून दारावर आदळला. आवाज असा की शेजारच्या शेडमधली माणसं जेवण सोडून पळत आली. नागनाथनं तोवर मशीन बंद करायचं लाल बटन दाबलेलं होतं. काचेला तडा गेला नाही, पण दाराच्या पत्र्याला खड्डा पडला, अन् तो बरोब्बर आप्पांच्या छातीच्या उंचीला.

आप्पा बराच वेळ त्या खड्ड्याकडं बघत राहिले. दुसऱ्या दिवशी आप्पांची खुर्ची शटरपाशी गेली, ती आजतागायत तिथंच आहे.

* * *

दसऱ्याची गोष्ट तर आमच्या गिऱ्हाइकांनाबी पाठ आहे.

खंडेनवमीला आमच्याकडं मशीनची पूजा असते. हळद-कुंकू, विभूती, नारळ. त्या साली आप्पांच्या घरच्या काकूंनी झेंडूचा हार स्वतःच्या हातानं ओवून आणला. हार दाराला घालू, असं सलीमभाईंचं मत होतं. काकूंचं मत पडलं की काम जे करतं त्याला हार. काम कोण करतं? टूल, म्हणजे लोखंड कापणारी हत्यारं. म्हणून जिथं सगळे टूल बसवलेले असतात त्या फिरत्या चाकाला, म्हणजे टरेटला, हार पडला.

आता मुहूर्ताचा एक जॉब तर काढायलाच पाहिजे. काढायच्या आधी हार काढायचा, हे सगळ्यांनाच माहीत होतं. पण काकू समोर हात जोडून उभ्या. त्यांच्या डोळ्यांदेखत हार कोण काढणार? सलीमभाईंनी माझ्याकडं बघितलं, मी नागनाथकडं बघितलं, नागनाथनं बटनाकडं बघितलं अन् दाबलं.

टरेट फिरला. वरून कूलंटचं, म्हणजे टूल थंड ठेवायचं, पाणी सुटलं. आत सगळं पिवळं झालं. काकू म्हणाल्या, किती गोड दिसून राहिलंय.

पुढचे कितीतरी दिवस सलीमभाई कूलंटच्या टाकीत हात घालून पाकळ्या उपसत होते. जाळी साफ करावी, अन् तासाभरात पुन्हा बुजलेली. शेडमध्ये तेलाचा वास जाऊन लग्नघराचा वास यायला लागला. सलीमभाई एक अक्षर वावगं बोलले नाहीत, फक्त चहा बिनसाखरेचा प्यायला लागले. ते चिडले की असंच करतात.

त्या लॉटचे बुश नांदेडच्या डाळमिलला गेले. तिथल्या मॅनेजरचा फोन आला. मी उचलला. म्हणले, "आप्पांना सांगा, प्रसाद पोचला."

* * *

आमच्याकडं सकाळी मशीन चालू करायच्या आधी टाळ्या वाजवतात. हे तुम्हाला लातूरच्या दुसऱ्या कुठल्याबी शेडमध्ये बघायला मिळणार नाही.

झालं असं, की एकदा मशीन बंद पडलं. पडद्यावर लाल अक्षरं. सलीमभाईंना येत होतं ते सगळं करून झालं. पुण्याहून सर्व्हिसवाला इंजिनीअर बोलावला. त्यानं मागचं इलेक्ट्रिकचं पॅनल उघडलं, तर आत पाल मरून पडलेली. त्यानं ती चिमट्यानं काढली, एक कार्ड बदललं, मशीन चालू झालं.

पण आप्पांच्या मनाला ती पाल लागली. पाल मारणं म्हणजे पाप. आपण बटन दाबलं, पाल गेली, म्हणजे पाप कुणाला? आप्पांनी मठातल्या स्वामींना विचारलं. स्वामी म्हणले असतील काही, पण आप्पांनी त्याचा अर्थ काढला तो असा: रोज बटन दाबायच्या आधी पालीला निघून जायची संधी द्यायची.

तेव्हापासून सकाळी नागनाथ पॅनलपुढं उभा राहतो, दोन्ही हातांनी जोरजोरात टाळ्या वाजवतो, थोडा वेळ थांबतो, अन् मग मेन स्विच टाकतो. आप्पा शटरपाशी खुर्चीत बसून डोळे मिटतात. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, आरती चालू आहे.

पुन्हा पाल मेली नाही, हे खरं आहे. आता पॅनलच्या भोकाला सलीमभाईंनी जाळी लावली, हे आप्पांना कुणी सांगितलेलं नाही.

* * *

आता नागनाथ. माणूस सोन्यासारखा, पण बोलणं म्हणजे सिंगल ब्लॉक.

सिंगल ब्लॉक म्हणजे काय, तर नवीन कामाचा पहिला जॉब आम्ही एकदम पळवत नाही. एक ओळ चालवायची, थांबायचं, बघायचं. पुन्हा बटन, दुसरी ओळ, थांबायचं. सगळ्या ऑपरेटरांना ही सवय असते, पण नागनाथनं ती घरी नेली. तुम्ही काही विचारा, तो एक शब्द बोलतो, थांबतो, तुमच्या तोंडाकडं बघतो, मग पुढचा शब्द. घरात मिक्सर लावला तरी एक हात स्विचवर ठेवून उभा राहतो. त्याची आई म्हणते, ह्याच्यासमोर चटणी वाटायची मला भीती वाटून राहिली.

असल्या माणसाचं लग्न जमवायचं. आमच्याकडं आजकाल पोरीवाल्यांना नोकरदार पाहिजे सरकारी, नाहीतर पुण्याचा. लातूरच्या शेडमधला ऑपरेटर म्हणलं की पाहुण्यांचा चहा लवकर संपतो. त्यात नागनाथला खोटं बोलता येत नाही. एका ठिकाणी पोरीच्या मामानं तो प्रश्न टाकला, मशीनच करतंय तर तुम्ही काय करता? नागनाथ विचार करून म्हणला, "बटन दाबतो."

ते स्थळ तिथंच संपलं.

एका शेतकऱ्यानं हात बघून नाही म्हणलं. म्हणे, पोराचे हात मऊ, ह्याच्यानं शेतातलं काय होणार. पुढच्या महिन्यात लातुरातल्या एका मास्तरांनी हात बघून नाही म्हणलं. म्हणे, नखं काळी, कॉम्प्युटरवरचा माणूस म्हणता तर हात मेकॅनिकचे कसे? हात तेच. नागनाथ संध्याकाळी साबणानं ते हात घासत बसला होता. मला बघून म्हणला, "काळं केलं तरी न्हाई, गोरं केलं तरी न्हाई." मी हसलो. तो हसला नाही. तेव्हा मला वाईट वाटलं.

* * *

मध्ये आप्पांच्या व्याह्यांचं सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

नवीन प्रोग्राम आला की सलीमभाई तो आधी हवेत चालवतात. म्हणजे चकमध्ये जॉब लावायचाच नाही. रिकामा चक फिरतो, टूल पुढं-मागं पळतात, कापत काहीच नाहीत. काही चुकलं असलं तर नुसती हवा कापली जाते. काचेवर कूलंटचं पाणी उडत असतं, त्यामुळं बाहेरून बघणाऱ्याला आत जॉब आहे की नाही हे काही कळत नाही.

हे एकदा आप्पांच्या ध्यानात आलं, अन् तिथून आम्हाला नवा उद्योग लागला. आप्पांचे व्याही उदगीरहून आले. त्या दिवशी कच्चा माल संपलेला. दोन्ही मशीन थंड. व्याह्यांना थंड मशीन कसं दाखवायचं? आप्पांनी सलीमभाईंना डोळा घातला. मशीन हवेत चालू झालं. टूल असे पळाले, की खऱ्या जॉबवर पळवले असते तर तुटून हातात आले असते.

व्याही काचेला नाक लावून बघत होते. म्हणले, काय स्पीड हो आप्पा. जाताना त्यांना आठवण म्हणून एक जॉब पाहिजे होता. आप्पांनी खालच्या डब्यातून एक उचलून दिला. तो रिजेक्टचा डबा होता. तो बुश आजबी व्याह्यांच्या दुकानात गादीशेजारी आहे. येईल त्याला दाखवतात, म्हणतात ह्याला म्हणतात फिनिशिंग.

ह्याच व्याह्यांनी नागनाथसाठी निलंग्याचं स्थळ आणलं.

* * *

पोरगी सुरेखा. घरी शिलाईचं काम करायची. वडील अण्णा, किराणा दुकान. नागनाथच्या भावाला सुट्टी नव्हती, म्हणून बघायला त्याच्या आईसंगं मी गेलो.

चुरमुऱ्यांचा सुशीला आला. आता सुशीला काय मला नवा आहे? नांदेडात माझा जन्म गेला सुशीला खाण्यात. पण हा वेगळाच होता. चुरमुरा भिजलेला, पण गिजगिजीत नाही. वरून शेंगदाण्याचा कूट, लिंबू बेताचं. अण्णा म्हणले, "समदं सुरेखानंच केलंय." सुरेखा खाली बघून बसलेली. तिची वहिनी दारातून वाढायला येत होती. नागनाथनं दोन ताटल्या खाल्ल्या अन् तिसरीला नको म्हणताना एक शब्द मध्येच थांबला, तोवर वहिनीनं वाढलंच.

मग सुरेखा बोलली. आधी दोन ठिकाणी त्यांची फसवणूक झालेली. एक जण इंजिनीअर सांगून आला तो कंपनीच्या गेटवर वॉचमन निघाला. दुसऱ्याचं दुकान सांगितलं ते मित्राचं होतं. दोन्ही वेळा साखरपुड्याची तयारी झालेली, अन् गावात बोलणं खाल्लं ते तिनं. ती सरळ नागनाथकडं बघून म्हणली, "मला सांगू नका. दाखवा. काम बघितल्याबिगर मी हो म्हणणार न्हाई."

नागनाथ म्हणला, "या." थांबला. मग म्हणला, "शेडमध्ये."

परतीच्या एसटीत औसा येईपर्यंत तो बोलत होता. सिंगल ब्लॉक नाही, सलग. सगळं सुशीलाबद्दल. त्याची आई खिडकीला टेकून डोळे पुसत होती. ह्याला एवढं बोलताना तिनं कधी ऐकलं नव्हतं.

* * *

ज्या दिवशी अण्णा अन् सुरेखा यायचे, त्याच दिवशी मालाची गाडी आली नाही. ड्रायव्हरचा फोन, सोलापूरच्या अलीकडं टायर गेलं म्हणून. शेडमध्ये लोखंडाचा एक तुकडा शिल्लक नव्हता.

आप्पा म्हणले, हवेत चालवा.

नागनाथ म्हणला, "न्हाई आप्पा."

"तुझं लगीन करायचंय का न्हाई? थंड मशीन बघून अण्णा काय म्हणतील? ह्याला कामच न्हाई म्हणतील."

मला नागनाथच्या तोंडाकडं बघवेना. पण मीबी आप्पांच्याच बाजूनं बोललो. व्याह्यांनी आधीच निलंग्यात स्पीडचं कौतुक करून ठेवलेलं. आता मशीन बंद दाखवायचं म्हणजे व्याही खोटे, आप्पा खोटे अन् नागनाथ तर खोटाच. सलीमभाईंनी प्रोग्राम लावला. चहा बिनसाखरेचा मागवला.

पाहुणे आले. आप्पांनी 'शरणार्थ' म्हणत हात जोडले, खुर्च्या दिल्या. नागनाथ पॅनलपुढं गेला अन् सवयीप्रमाणं टाळ्या वाजवायला लागला. अण्णांना वाटलं आरती आहे. तेबी उभे राहिले, टाळ्या वाजवायला लागले. सुरेखानं डोक्यावर पदर घेतला. मग आम्हालाबी वाजवाव्या लागल्या.

नागनाथनं दार लावलं अन् बटन दाबलं. मशीन सुटलं. काचेवर पाणी, आत टूलांची धावपळ. अण्णा खूश. जवळ जाऊन बघितलं, लांबून बघितलं. मग आप्पांकडं वळून म्हणले, व्याही सांगत होते त्यापेक्षा जास्त आहे हो. अन् तेवढ्यात तो प्रश्न आलाच.

"पन मशीनच समदं करतंय. मग पाव्हणं, तुम्ही काय करता?"

नागनाथचा हात लाल बटनापाशी होता. त्यानं तोंड उघडलं अन् थांबला. आप्पा शटरपासून खुणा करत होते, काहीतरी बोल म्हणून.

तेवढ्यात प्रोग्राम संपला. मशीन गप्प झालं, वरचा हिरवा दिवा जाऊन पिवळा लागला. सुरेखा पुढं आली. म्हणली, "झालेला जॉब बघू का?"

सलीमभाईंनी चहाचा कप खाली ठेवला. मी म्हणणार होतो की जॉब गरम असतो, नंतर बघा. खालच्या डब्यात हात घालायचाबी विचार माझ्या मनात आला. पण नागनाथनं दार सरकवलं. सगळं उघडं करून तो बाजूला झाला.

रिकामा चक. त्याच्यावरून पाणी ठिबकत होतं.

अण्णांना कळायला जरा वेळ लागला. मग त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी आप्पांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

नागनाथ म्हणला, "आज माल आला न्हाई. मशीन रिकामंच चालू होतं. तुम्हाला दिसायला." ह्या वेळी तो मध्ये थांबला नाही.

अण्णा खुर्चीवरची टोपी उचलत म्हणले, "चल गं सुरेखा. हे बी तसलंच."

सुरेखा वाकून आत बघत होती. चककडं, मग टूलांकडं, मग नागनाथच्या काळ्या नखांकडं. अण्णा पुन्हा म्हणले, चल. ती तशीच वाकलेली. मग सरळ उभी राहिली.

"अण्णा," ती म्हणली, "त्या दिवशीचा सुशीला तरी कुठं मी केल्ता? वहिनीनं केल्ता."

अण्णांची टोपी हातातच राहिली. आप्पा शटरपाशी उठून उभे राहिले. मशीनवरचा पिवळा दिवा तेवढा चालू होता.

नागनाथनं दार हळूच लावलं. म्हणला, "झाल्ता मात्र लई चांगला."